पास न झालेला फोटो

माझ्या फोटोच्या दुकानात पिवळा ड्रेस घालून यायची मला बंदी होती, आणि दुकान माझंच होतं. बंदी घालणारे काका दुकानाचे मालक नव्हते, भागीदार नव्हते, गिऱ्हाईक म्हणावं तर तेही नव्हते. कोपऱ्यातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरसमोरची प्लास्टिकची खुर्ची त्यांनी अडवली होती, एवढाच त्यांचा आणि दुकानाचा संबंध. एकदा मी विसरून हळदीच्या रंगाचा कुर्ता घालून आले, तर त्यांनी पिशवीतून करड्या कापडाचा एप्रन काढून माझ्या हातात दिला.

"अंगावर घे बाय. तुज्या कपड्याचा पिवळा उडून माज्या स्क्रीनवर बसतो."

त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांना वाटलं असेल, ही बाई आता फोटोबरोबर केसही कापायला लागली.

ते स्वतः बारा महिने करडा शर्ट घालायचे. लग्नालाही करडा, सणालाही करडा. तारापूर एमआयडीसीतल्या कापड रंगवायच्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. काम एकच. पार्टीनं पाठवलेला नमुना आणि कारखान्यात रंगवलेलं कापड शेजारी शेजारी ठेवायचं, एका ठरावीक उजेडात बघायचं आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. त्यांनी मान हलवल्याशिवाय तागा गेटबाहेर जात नसे. कारखाना सुटला तरी मान काही सुटली नाही. समोरच्या टपरीवरून चहा आला की ग्लास उजेडात धरून म्हणायचे, "आज लालावर गेलाय." मासळीवालीनं पापलेट पुढे केलं की कल्ला उघडून बघायचे आणि तिला मोठ्यानं सांगायचे, "रिजेक्ट." ती त्यांच्या गावची, नवापूरचीच, त्यांच्याच आळीतली. ती म्हणायची, "तुमच्या बायकोनं तुमाला पास केला तोच मोठा चमत्कार हाय."

बायकोचा विषय निघाला की ते हसायचे. नंतर नंतर मासळीवालीनं तो काढणं बंद केलं.

नवापूरला त्यांचं घर किनाऱ्याला लागून. पुढच्या खोलीत भिंतीवर आई-वडिलांचे फोटो, आणि त्यांच्या शेजारी एक नुसता खिळा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, कॅलेंडर पडलं असेल. तो खिळा त्यांच्या बायकोसाठी होता. ती जाऊन वर्षं झाली होती आणि तिचा फोटो लागायचा होता. फोटो नव्हता असं नाही. फोटो होता, माझ्याच दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर होता, रोज उघडला जात होता. तो पास होत नव्हता.

हे जरा नीट सांगायला हवं. कारखाना सोडताना हातात जे आलं त्यातून काकांनी एक जुना पण चांगला कॅमेरा घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रंगांवर मान हलवली, आता स्वतःचे रंग काढीन, असं त्यांच्या मनात. कोणीतरी त्यांना सांगितलं की फोटो कच्चा काढायचा, म्हणजे कॅमेऱ्यानं आपल्या अकलेनं काही शिजवायच्या आधीच जसा उजेड आत आला तसा साठवायचा. मग कॉम्प्युटरवर एखादं सॉफ्टवेअर घेऊन तो शिजवायचा. यात गोम अशी की एकच कच्ची फाइल वेगवेगळ्या सॉफ्टवेअरला दिली की वेगवेगळे रंग येतात. एकाच पाटीतलं पापलेट चार घरी गेलं तर चार चवीचं कालवण होतं, त्यातला प्रकार. दुसरा माणूस असता तर त्याला जे पहिलं मिळालं त्यात त्यानं काम उरकलं असतं. मी तेच करते. पण पास-रिजेक्टवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात ही गोष्ट पडायलाच नको होती, असं मला आज वाटतं.

कॅमेरा घेतला त्याच रविवारी त्यांनी बायकोचा फोटो काढला. किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या बांबूंपाशी ती उभी आहे, एक हात बांबूवर, पदर खोचलेला, आणि हा माणूस आता काय नवीन खूळ घेऊन आला अशा नजरेनं बघते आहे. अंगावर गर्द डाळिंबी सुती साडी. तो रंग काकांनीच कारखान्यात पास केलेला, त्याच तुकडीतली साडी त्यांनी तिला आणली होती. तिचा तेवढाच फोटो. लग्नातला अल्बम एका उधाणात घरात पाणी शिरलं तेव्हा ट्रंकेसकट भिजून लगदा झाला होता, आणि आधार कार्डावर तर कोणीच आपल्यासारखं दिसत नाही.

ते माझ्याकडे पहिल्यांदा आले ते हाच फोटो घेऊन. घरी कॉम्प्युटर नव्हता. कॅमेऱ्याच्या खोक्यातच एक सीडी होती, त्यातलं सॉफ्टवेअर आम्ही मशीनवर चढवलं. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलं म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं 'आंदण'. आंदणात फोटो उघडला. काका खुर्चीवर पुढे सरकले. आधी सोबत आणलेल्या करड्या पुठ्ठ्याकडे बघून डोळे निववले, करड्यानं डोळ्यातले बाकीचे रंग जातात म्हणून, मग स्क्रीनकडे बघितलं.

"साडी बरोबर आली," ते म्हणाले. मग आणखी पुढे वाकून, "पण तोंड पिवळ्यावर गेलंय. डोळं बग, डोळ्यातला पांढरा पण पिवळा. हे सॉफ्टवेअर कामाचं नाय. रिजेक्ट."

मी म्हटलं, संध्याकाळचं ऊन असेल. ते म्हणाले, दुपार होती. आणि दुसरं सॉफ्टवेअर कुठलं मिळतं ते शोध म्हणून माझ्या मागे लागले. बायको तेव्हा घरी नवापूरला होती, चालती-फिरती, मासळी सुकवत होती.

पुढे महिना-दीड महिन्यानं ती अंथरुणाला खिळली. जोराची कावीळ. ती आधी कोणाच्या लक्षात आली, तर त्या मासळीवालीच्या. तिनं काकांना हाक मारून सांगितलं, "अवो, वयनीचे डोळे बगा काय झाल्यात." पालघरला दवाखान्यात ठेवली. दुकान एमआयडीसीजवळ असलं तरी मी राहते पालघरलाच, म्हणून डबा घेऊन जायचे. डॉक्टरांनी माझ्यासमोर काकांना विचारलं होतं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?" काका म्हणाले, "माज्या नाय लक्षात आलं." डॉक्टरांनी नुसती मान हलवली. लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं, एवढंच नंतर बाहेर म्हणाले. ती तिथूनच गेली. डाळिंबी साडी तिच्यावर घातली आणि निघायच्या आधी काकांनी कातरीनं पदराचं टोक कापून घेतलं. चार बोटांचा तुकडा, कडेला दुमडून शिवलेला. लोकांना वाटलं, दुःखानं करतोय. दुःखानं तर होतंच, पण तो नमुना होता. त्या नमुन्याशी फोटो ताडून बघायचा आणि मगच भिंतीवर लावायचा, असं त्यांनी त्याच वेळी ठरवलं होतं.

त्यानंतर त्यांचा कारखान्यातला जुना उजेडाचा डबा माझ्या दुकानात आला. भंगारात निघालेला त्यांनी मागून घेतलेला. आतून करडा, वर वेगवेगळ्या नळ्या, बटण दाबलं की दुपारचा उजेड, दुसरं दाबलं की दुकानातला. घरी खाऱ्या हवेनं त्याचा पत्रा खातो, म्हणून तो माझ्याकडे. कॉम्प्युटरशेजारी डबा, डब्यात पदराचा तुकडा, स्क्रीनवर बायको, आणि काका. रोज सकाळी नवापूरहून रिक्षानं यायचे आणि जेवायच्या वेळेला उठायचे. जेवल्यावर रंग बघायचा नसतो, डोळा जड होतो, हा कारखान्यातला नेम.

सॉफ्टवेअरं किती आली आणि गेली याची गणती मी सोडून दिली. महिन्याला पैसे मागणारं होतं, त्याचं नाव 'भाडोत्री'. एक फुकटातलं होतं, त्यात इतकी बटणं की काका त्याला 'मामलेदार कचेरी' म्हणायचे, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतंय, काम होत नाय. एक फार भारी होतं, मोठमोठे फोटोग्राफर वापरतात ते. त्याचं नाव 'जावई', कारण त्याला आमचं मशीन कधी पुरेसं वाटलं नाही. प्रत्येकाची फुकट वापरायची मुदत असायची. मुदत संपायच्या आत काका निकाल द्यायचे, आणि निकाल तोच. कापड जुळवलं की तोंड पिवळं पडतं. तोंड पांढऱ्यावर आणलं की कापड निळ्यावर जातं. दोन्ही एकदम येत नाही.

"काका, बाई काय आणि साडी काय, उजेड एकच होता ना," मी वैतागून म्हणायचे. "एक पिवळं आणि एक बरोबर असं कसं होईल?"

"म्हणून तर सॉफ्टवेअर वाईट हाय," ते म्हणायचे.

मला त्यांचा राग यायचा. माझी वेळ लग्नसराईची, अल्बम पडून, आणि हे माझ्या मशीनवर चौथ्यांदा 'जावया'ला बसवतायत. पण मी त्यांना कधी उठवलं नाही. कारण त्या फोटोतली बाई मला आवडायची. आणि त्यांची मुलगी हर्षाली सकाळची शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची, अभ्यास करता करता स्क्रीनकडे बघायची. आई गेली तेव्हा ती लहान होती. आई कशी दिसायची हे तिला त्या स्क्रीनवरून कळत होतं.

मधल्या काळात काकांनी नवापूर, चिंचणी इथल्या लोकांचे पुष्कळ फोटो काढले, आणि एकही कोणाला दिला नाही. "अजून कच्चा हाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एक बिहारचा मुलगा, कारखान्यात कामाला, गावी आईला फोटो पाठवायचा म्हणून किती खेपा घालत होता. शेवटी हात जोडून म्हणाला, "चाचा, कच्चा ही दे दो ना, माँ पहचान लेगी."

काका म्हणाले, "पहचान लेगी, लेकिन पूछेगी बेटा बीमार है क्या. फिर क्या बोलेगा?"

त्या मुलानं माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून दिला, तो खूश होऊन गेला. काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

रंगाच्या बाबतीत ते मला सतत शिकवायचे, विचारलं नाही तरी. माझ्या काचेच्या कपाटात एका नवरीचा मोठा फोटो लावलेला होता. ऊन लागून तिचा शालू निळसर पडला होता, ओठसुद्धा. मला सवय झाली होती. काकांनी एक दिवस तो स्वतःच काढून ठेवला. "उजेड रंग खातो, बाय. आदी लाल खातो. मग उरतो नुस्ता निळा. कारखान्यात नमुना काळ्या कागदात ठेवतात, बगायचा तेवडाच वेळ बाहेर. माज्या हाताखालच्या एकानं नमुना टेबलावर रात्रभर इसरला, त्याला मी दोन दिस घरी बसवला."

"मग हा काळ्या कागदात का नाही ठेवत?" मी पदराच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. तो तुकडा काका शर्टाच्या खिशात ठेवायचे, वरच्या, छातीवरच्या. घामात, रिक्षातल्या उन्हात, मग डब्यातल्या नळ्यांखाली.

"तो कागद कारखान्याच्या मालाला. ही घरातली हाय," ते म्हणाले आणि तुकडा खिशात घातला.

कारखान्यातली एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. एका पार्टीनं मोठा माल परत पाठवला, रंग चुकलाय म्हणून. काकांनी डब्यात लावून बघितला, रंग तंतोतंत. मालकालाही दाखवला. तरी काकांनी तो माल पुन्हा रंगवून घेतला, पार्टीला हवा तसा, चुकीचा. मी विचारलं, तुम्ही बरोबर असताना का? तर म्हणाले, "घालणार कोन? ते. मग शेवटी पार्टी म्हणेल तो शेड. आपला डोळा आपल्याजवळ." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की तो माल कालच परत आलाय.

दर वर्षी प्रत्येक सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यायची आणि दर वर्षी काकांची तक्रार वाढत जायची. "ह्या कंपन्या भडक करत चालल्यात. गेल्या साली साडी एवडी लाल नव्हती. लोकांना भडक आवडतं म्हणून ह्यांनी लाल रंगाची बाटली वाढवली." मला ते पटायचं, कारण लग्नाच्या अल्बममध्येही लोक भडकच मागतात. मग काका लाल उतरवायचे, निळा थोडा चढवायचे, तुकड्याशी ताडायचे, पुन्हा उतरवायचे. आणि एक चांगलं होत होतं. लाल उतरवून निळ्याकडे नेलं की बाईच्या तोंडावरचा पिवळेपणा कमी व्हायचा. "येतंय लायनीवर," ते म्हणायचे. "सॉफ्टवेअर सुदरतायत हळूहळू." त्यांचा आवाज तेव्हा इतका आशेचा असायचा की मीही अल्बम सोडून बघायला उठायचे.

हर्षालीचं लग्न ठरलं, पाम गावच्या मुलाशी. लग्नाआधी गेलेल्या माणसांना आवतण द्यायची त्यांच्याकडे रीत आहे. पाटावर फोटो मांडायचे, त्यांना हळद लावायची, लग्नाला या म्हणायचं, आणि मग पोरीला हळद. हर्षालीनं बापाला एवढंच मागितलं, आईचा फोटो पाटावर पाहिजे. काकांनी होकार दिला. ते महिनाभर आधी सकाळ-संध्याकाळ येऊन बसले, जेवल्यावरचा नेमसुद्धा मोडला. हळदीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "काका, हा जसा आहे तसा द्या. हात जोडते. नंतर दुसरा लावा." त्यांनी तुकडा डब्यात ठेवला, करड्या पुठ्ठ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं. घाम फुटला होता त्यांना.

"थोडा लालावर हाय अजून," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नात रिजेक्ट माल ठेवू?"

हळदीला मी गेले होते. पाटावर आजी-आजोबांचे फोटो आणि शेजारी, आईच्या जागी, नारळ. हर्षालीनं नारळाला हळद लावली, "आई, ये गो लग्नाला," म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली. बायकांची गाणी थांबली. काका दाराबाहेर उभे होते, करडा शर्ट घालून. ती बापाशी त्या दिवशी बोलली नाही, निघतानाही नाही. मला इतकी चीड आली होती की मीही न जेवता परत आले.

लग्नानंतर पावसाळा गेला, आणि 'भाडोत्री'ची आणखी एक आवृत्ती आली. काका आले, बसले. त्यांनी एक-दोन बटणं फिरवली आणि मग खुर्चीत मागे टेकले. मी कधी त्यांना त्या खुर्चीत मागे टेकलेलं बघितलं नव्हतं.

"बाय, ये बग."

तुकडा आणि साडी एक झाली होती. आणि तोंड स्वच्छ, डोळ्यातला पांढरा पांढरा. दोन्ही एकदम. काका म्हणाले, "पास." पुन्हा म्हणाले, "पास." मग टपरीवर जाऊन चहा सांगून आले आणि चहाचा रंग न बघता प्यायले. मी लगेच मोठी प्रिंट काढली, पुन्हा विचार बदलायच्या आत. संध्याकाळी दोघांनी पामला हर्षालीकडे जायचं ठरलं. मी तिला फोनही केला. ती फोनवर रडली आणि म्हणाली, "काकी, पप्पांना सांगा, मी वाट बघते."

काकांच्या मनात आलं की फ्रेममध्ये फोटोच्या खाली तो पदराचा तुकडाही लावायचा. आता त्याचं काम झालं होतं. तुकड्याच्या कडेच्या दुमडीचा टाका इतक्या वर्षांच्या हाताळण्यानं सुटत आला होता, तो नीट शिवून दे म्हणून त्यांनी माझ्याकडे दिला. मी दुमड सरळ करायला ती नखानं उघडली. आत एक पट्टी होती, वेगळ्याच कापडाची. गर्द, पिकलेल्या डाळिंबासारखी. मला वाटलं, अस्तर लावलंय.

"काका, हे आत दुसरं कापड कसलं शिवलंय?"

त्यांनी तुकडा हातात घेतला. मग डब्यात ठेवला, दुपारच्या उजेडाचं बटण दाबलं, आणि पट्टीकडे बघितलं, पट्टीशेजारच्या फिकट, निळसर पडलेल्या कापडाकडे बघितलं. दुसरं कापड नव्हतं. तेच होतं. दुमडीच्या आत उजेड पोचला नव्हता एवढंच.

मला तेव्हा सगळं कळलं नाही. मला वाटलं, हरकत नाही, थोडा लाल वाढवू. मी तसं म्हटलंही. त्यांनी ऐकलं नाही. ते खुर्चीवर बसले होते आणि त्यांचे हात मांडीवर होते.

"आंदण हाय का अजून मशीनवर?"

होतं. काकांनी काही काढू दिलं नव्हतं. त्यांनी आंदण उघडलं, फोटो उघडला, एकाही बटणाला हात लावला नाही. डब्यात पट्टी, स्क्रीनवर साडी. तंतोतंत. कोणीही सांगितलं असतं. आणि साडीच्या वर ती, पिवळी. गाल पिवळे, डोळे पिवळे.

"कापड बरोबर हाय," काका म्हणाले. "म्हंजे हे पन बरोबर हाय."

मी खुर्चीमागे येऊन स्क्रीनकडे बघितलं.

"सॉफ्टवेअर पिवळं नव्हतं, बाय. ती पिवळी झाली होती. पयल्याच दिशी ह्या आंदणानं मना सांगितलं. फुकटच्या आंदणानं. मी त्याला रिजेक्ट केला आनि दुसरा शोदाया लागलो. ती घरी चालत होती तवा." त्यांनी स्क्रीनवरच्या डोळ्यांवर बोट ठेवलं. "मंग इतकी सालं नमुना माज्या खिशात उतरत गेला, आनि त्याच्याशी जुळवत मी तिचा पिवळा धुवत बसलो. माजीच चूक धुवत बसलो."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी मला आंदणातल्या फोटोचीही प्रिंट काढायला सांगितली, त्याच मापाची. मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही.

संध्याकाळी पामला गेलो. हर्षालीनं दार उघडलं, बापाला वाकून नमस्कार केला, लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याशी नीट बोलली. काकांनी दोन्ही फोटो तिच्यापुढे सतरंजीवर ठेवले, शेजारी शेजारी, नमुना आणि माल ठेवायचे तसे. "यातला कुटला लावायचा ते तू सांग," एवढंच म्हणाले.

तिला वेळच लागला नाही. पास झालेला, फिकट फोटो उचलून तिनं छातीशी धरला.

"ही आई," ती म्हणाली. मग दुसऱ्याकडे बघून, सहज, "हिच्यात आई आजारी वाटते, पप्पा."

काकांनी मान हलवली. कारखान्यातली मान. मी घाबरून त्यांच्याकडे बघत होते, की आता हे हिला सांगतात का काय. ते म्हणाले, "बरोबर बोलतं तू. पार्टी म्हणेल तो शेड." आणि उठून स्वतःच्या हातानं खिळा ठोकला आणि फिकट फोटो भिंतीवर लावला. तिनं हार घातला, सासूला हाक मारून दाखवला. सासू म्हणाली, "काय सुंदर दिसते विहीणबाई, अगदी निरोगी." काका तिथंच होते. त्यांनी चहा घेतला. भिंतीकडे पाठ करून बसले, उजेड डोळ्यावर येतो म्हणाले. उजेड खिडकीतून त्यांच्या समोरूनच येत होता.

दुसरा फोटो त्यांनी परत आणला. काळ्या कागदात गुंडाळला, पदराचा तुकडा त्याच्यातच ठेवला आणि माझ्या कपाटात सगळ्यात खाली सरकवला. नवापूरच्या घरात तो खिळा तसाच आहे, त्यावर आता ते टोपी अडकवतात.

त्यानंतर ते दुकानात येतात, पण खुर्चीवर बसत नाहीत. दारातूनच चौकशी करून पुढे मासळीबाजाराकडे जातात. कॉम्प्युटर मी आता अल्बमला वापरते. परवा आले तेव्हा अंगात करडा शर्ट नव्हता, जावयानं दिलेला कसलासा चट्ट्यापट्ट्याचा होता. मला म्हणाले, "तुजा तो पिवळा डिरेस कुटे गेला गो? घाल आता."

मी हो म्हटलं. तो कुर्ता कपाटात आहे, इस्त्री केलेला. तो घालायची माझी अजून छाती होत नाही.